बैठकीची उंची

"खुर्ची दोन इंच उंच करून घे," सर फोनवर म्हणाले, आणि आमच्या संघटनेचा पुढचा अध्यक्ष कोण हे मला कळलं. नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. मी तेव्हा एका अर्धवट घराच्या अर्धवट स्वयंपाकघरात उभी होते. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात टेप, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला, आणि पलीकडच्या खोलीत फरशी कापायचं यंत्र बोंबलत होतं. "ऐकू येतंय ना?" सरांनी विचारलं. येतंय म्हटलं. "दोन इंच. म्हणजे मांडीखाली नीट टेकेल. संध्याकाळी सभेआधी हॉलवर पोचव म्हणजे झालं. तुझ्याशिवाय आहेच कोण हे करायला." फोन बंद झाला. मी टेप सोडली, ती सर्रकन आत गेली आणि जाताना अंगठ्याला चाटून गेली. दोन इंच उंच. सगळ्या संघटनेत तेवढ्या लांब तंगड्यांचा एकच माणूस आहे. त्याला आम्ही मागून ताडमाड म्हणतो. समोर म्हणत नाही, कारण माणूस वाईट नाही, आणि खरं तर हीच मोठी अडचण आहे.

बाहेरच्या कुणाला ही खुर्चीची भानगड सांगायला गेलं तर तो हसेल. आमची संघटना इंटिरियर डिझायनर लोकांची. तिचा पहिला अध्यक्ष फर्निचर करणारा होता आणि त्याचं म्हणणं असं, की जे लोक दुनियेला सांगत फिरतात की वस्तू माणसाच्या मापाची हवी, त्यांचा अध्यक्ष मापात न बसणाऱ्या खुर्चीवर बसला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हापासून रिवाज पडला. नवा अध्यक्ष आला की व्यासपीठावरची मधली खुर्ची त्याच्या मापाची करायची. पाय तासायचे, नाहीतर खाली गुटके जोडायचे. जुनी खुर्ची मोडल्यावर नवी मी डिझाइन करून दिली, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं ते आलंच. आमच्याकडे निवडणूक नसते. माजी अध्यक्ष कुणाच्या तरी घरी चहाला बसतात, ठरवतात, आणि मावळता अध्यक्ष मला फोन करतो. अर्धा इंच कमी कर. पाऊण इंच वाढव. नाव गुपित, माप उघड. सगळ्यांच्या आधी मला कळायचं आणि त्याचा मला, आता सांगायलाही लाज वाटते, केवढा अभिमान होता. लग्नघरात किल्ल्या आपल्या कमरेला आहेत म्हणून मिरवणारी बाई असते ना, तशी. किल्ल्या हिच्याकडे, लग्न दुसरीचं, हे तिच्या लक्षात येत नाही.

पण आजचा घोळ निराळाच होता. दोन इंच वाढवायची ती खुर्ची मी गेल्या आठवड्यात दोन इंच कापून घेतली होती. माझ्या मापाने. मी बुटकी आहे. शाळेत रांगेत कायम पहिली, आणि डिझायनर झाल्यावर कायम टाचा अधांतरी. कुठल्याही व्यासपीठावर बसा, खुर्चीची कड मांडीला मागून कापते, पाय लोंबकळतात आणि दुसरं भाषण सुरू होईतो पावलांना मुंग्या येतात. दुसऱ्यांच्या मापांसाठी उभा जन्म भांडले आणि स्वतः वर्षानुवर्षं आमच्याच व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर, कार्यवाह म्हणून, पर्स पायाखाली घेऊन बसले. यंदा सर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, "आता तुझ्याशिवाय आहेच कोण?" आणि खांद्यावर थोपटून खाली उतरून गेले. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. घरी जाईपर्यंत मी मनात भाषण तयार केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची पॉलिशसाठी मिस्त्रीकडे पाठवली तेव्हा सोबत चिठ्ठीवर माप गेलं. फोनची वाट पाहायचीसुद्धा गरज वाटली नाही. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. तुझ्याशिवाय आहेच कोण, हे वाक्य सर सतरंज्या मागवतानाही म्हणतात, माइकवाल्याचा नंबर विचारतानाही म्हणतात. मला ते माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही त्या एका दिवशी मला ते वेगळं ऐकू आलं, आणि त्याबद्दल मला सरांपेक्षा माझाच राग जास्त येत होता.

"मॅडम, ओटा किती घेऊ?" कंत्राटदाराच्या माणसाने दारातून विचारलं. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, नेहमीचा नाही का घ्यायचा? मी म्हटलं, या घरातली बाई नेहमीची नाही, ती उंच आहे, नेहमीच्या ओट्यावर चार वर्षं वाकून तिची कंबर गेलेली आहे. तो मान हलवून गेला. पूर्वी हे एवढं सरळ व्हायचं नाही. मी पहिल्यांदा साइटवर जायला लागले तेव्हा माझं बोलणं संपलं की कंत्राटदार विचारायचे, "साहेब कधी येणार?" साहेब कोणी नव्हतेच, मीच होते. मला सगळे पडदेवाली म्हणायचे. भिंत कुठली पाडायची, वायर कुठून न्यायची, दिवा कुठे लावला म्हणजे म्हाताऱ्या माणसाला संडासाची वाट रात्री दिसेल, हे मी सांगायचे आणि लोक म्हणायचे, बरं बरं, पण पडद्याचा रंग काय? तेव्हा संघटनेने मला हात दिला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही सातआठ जण सरांच्या ऑफिसात बसून करायचो, काम संपल्यावर, त्यांच्याच चहावर. आगीच्या वाटांचे नियम, जिन्यांची मापं, करारात काय लिहायचं आणि काय तोंडी ठेवायचं नाही, सगळं तिथे शिकले. परीक्षा पास झाले, माझ्या नावापुढे चार अक्षरं लागली, आणि कंत्राटदारांनी साहेबांची चौकशी करणं सोडलं. एका घरमालकाने माझे नकाशे ठेवून घेतले आणि मलाच दाराबाहेर काढलं होतं, तेव्हा सर स्वतः माझ्याबरोबर आले. त्या माणसाच्या सोफ्यावर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हिचं काम हे संघटनेचं काम आहे." नकाशे परत मिळाले. गाडीत बसल्यावर मी रडले. सरांनी खिडकीबाहेर बघितलं, मला रडू दिलं.

म्हणून तर चीड येते. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. या माणसाने मला उभं केलं आणि उभी आहे हे त्याला दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांना मी अजून गाडीत रडणारी मुलगी आहे, जिला कामं सांगितली की आनंद होतो. आणि कामं मी आनंदाने केलीच. नव्या सभासदांना ज्येष्ठांशी जोडून द्यायची योजना माझी. साइटवर बायकांना त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, ती व्यवस्था माझी. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या मुलींसाठी फी माफ करायचा ठराव माझा, तो मांडला मात्र सरांनी, कारण म्हणे त्यांनी मांडला की विरोध होणार नाही. झाला नाही. टाळ्या झाल्या. मी कडेच्या खुर्चीवर लोंबत्या पायांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि आत कुठेतरी नखभर काहीतरी ठसठसलं ते तसंच राहिलं. आमच्यातल्या पहिल्या बाई सभासद, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, मागची कामं कर, म्हणजे पुढे नेतात. मोठ्या बाई रिटायर झाल्या तेव्हा त्यांना टेबलावर ठेवायचा दिवा भेट दिला. त्यांना पुढे कुणी नेलं नव्हतं. दिवा निवडायला मीच गेले होते.

साइटवरून निघाले. वाटेत सिग्नलला थांबले तरी डोक्यात तेच यंत्र बोंबलत होतं. आणि या सगळ्यातली खरी गोम मला आठवली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, शेजारच्या गाडीतल्या माणसाने वळून बघितलं. आमची नेतृत्व कार्यशाळा. ती मी सुरू केली. आपल्या धंद्यातली माणसं, विशेषतः मुली, कामात वाघ आणि मागताना मांजर, म्हणून. तिथे मी एक खेळ घ्यायचे. एकेकाने उभं राहायचं, सगळ्यांकडे बघायचं आणि आपल्याला काय हवं ते एका वाक्यात बोलायचं. 'जमलं तर', 'तुमची हरकत नसेल तर', असली शेपटं लावायची नाहीत. तीन वर्षांपूर्वी ताडमाड आला होता. एवढा थोरला माणूस, हॉटेलांची कामं करणारा, उभा राहिला आणि घशातून आवाज फुटेना. "मला... म्हणजे कधीतरी... संघटनेत काही जबाबदारी..." मी कानामागे हात धरला. "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." तो पुन्हा पुटपुटला. "पुन्हा." तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि ओरडलाच, "मला अध्यक्ष व्हायचं आहे!" सगळे हसले, तो लाजून लाल झाला, आणि मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आभाळ कोसळलं का? कोसळलं नाही. त्याने ते लक्षात ठेवलं असणार. माजी अध्यक्षांच्या चहाला जाऊन त्याने सरळ सांगितलं असणार, मला व्हायचंय. आणि ते बिचारे म्हातारे, ज्यांना जन्मात कुणी काही मागितलं नव्हतं, त्यांना किती हायसं वाटलं असेल. मी त्याला बोलायला लावलं त्या दिवशी मला स्वतःला उभं राहायची पाळी आली नाही. शिकवणारी खेळत नसते.

घरी मात्र एकीने मला बरोबर ओळखलं होतं. माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून त्यांची खुर्ची मी उंच करून दिली आहे, आणि त्या उंच खुर्चीवरून त्या सगळ्या घराची उलटतपासणी घेत असतात. मागच्या रविवारी मी त्यांच्यासमोर भाजी निवडत बसले होते आणि बहुधा गुणगुणत होते. "काय गं, निवड झाली का तुझी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई, निवड नसते, ठरतं. "कोण ठरवतं?" जुने अध्यक्ष. "मग त्यांना सांगितलंस का, की तुला पाहिजे म्हणून?" मी म्हटलं, असं मागायचं नसतं हो, त्यांना दिसतंच ना काम. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "चाळीस वर्षं तुझ्या सासऱ्यांना दिसत होतं की मला समुद्र बघायचाय. दिसतच होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, मग ताक कोण घालेल?" मी विषय बदलला. गॅसवर काहीतरी ठेवलंय असं म्हणून उठले. गॅसवर काही नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून नळ सोडला आणि बंद केला. त्या बाहेरून ओरडल्या, "काय करपलं?" मी म्हटलं, काही नाही. नवरा पेपरामागून म्हणाला, "होईल गं." त्यालाही वाटत होतं मी होईन. मी त्याला सांगितलं होतं की जवळजवळ झालंय.

मिस्त्रीचं वर्कशॉप गल्लीच्या टोकाला आहे. आत शिरलं की भुसा आणि पॉलिशचा वास नाकात बसतो आणि दिवसभर जात नाही. मला एरवी तो आवडतो. खुर्ची दाराशीच तयार करून ठेवली होती, वर जुनी चादर. मिस्त्री तीस वर्षं जुना, तोंडाने फटकळ, कामाला ठीक. कधी कधी चौकटी वाकड्या बसवतो आणि भिंतीला दोष देतो. त्याने चादर ओढली आणि म्हणाला, "घ्या. ताई, बुटकी झाली हो. पण तुम्ही माप दिलंत." मी सांगितलं, मिस्त्री, आता चार इंच वाढवायची आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. "दोन इंच कापायला लावलंत आणि आता चार वाढवू? चार इंचाचे गुटके लावले तर ती खुर्ची नाही, मचाण होईल. पाय नवे करायला वेळ कुठाय? संध्याकाळी पाहिजे म्हणता." मग पुटपुटत त्याने कोपऱ्यातून चार ठोकळे आणले, पायांखाली सरकवून दाखवले. खरंच वाईट दिसत होतं. बाळाला बापाच्या चपला घातल्यासारखं. "रंग देऊन लपवतो थोडं," तो म्हणाला. "लांबून कळणार नाही." लांबून! त्या हॉलमधली माणसं! पाव इंच बाहेर आलेला टाइलचा कोपरा ज्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसतं, लग्नाला गेल्यावर जी माणसं नवरानवरीला सोडून खोट्या छताची लेव्हल बघतात, त्यांना लांबून कळणार नाही. मी म्हटलं, काढा ते. त्याने काढले.

"मग काय करू?" त्याने विचारलं. मी खुर्चीवर बसले. पॉलिश वाळलं होतं. आधी पाठ टेकली, मग हात, आणि मग दोन्ही पावलं, टाचांसकट, जमिनीवर. पूर्ण. मला कसं सांगावं कळत नाही. पन्नाशीला आलेली बाई, शेकडो घरांतल्या शेकडो माणसांना बसवलं, आणि आपल्या मापाच्या खुर्चीत बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पोटऱ्या सैल पडल्या. श्वास थेट पोटापर्यंत गेला. मांडीला काही कापत नव्हतं. अशी बसलेली माणसं भाषणात इतकी निवांत का असतात, विरोधाला इतकी हसून उत्तरं का देतात, याचं मला नेहमी नवल वाटायचं. मी समजायचे त्यांच्यात काही जन्मजात आहे. त्यांचे पाय टेकलेले असायचे, एवढंच. आणि मला एकदम इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सरांचा नाही, ताडमाडचा नाही. त्या सगळ्या मी घालवलेल्या संध्याकाळींचा, सतरंज्यांचा, दिव्याचा, टाळ्यांचा, आणि 'दिसतंच ना' म्हणून गप्प बसलेल्या माझा. मिस्त्री दुसरीकडे बघत बिडी शोधत होता. शेवटी म्हणाला, "ताई, असली पाठवली तर माझं नाव खराब होईल. म्हणतील मिस्त्रीने माप चुकवलं." मी म्हटलं, माप मी दिलंय. "ते मला नि तुम्हाला ठाऊक," तो म्हणाला. मी उठले. टेम्पो आला होता. "अशीच चढवा," मी सांगितलं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. फक्त तिला हात लावू द्यायचा नाही एवढं होतं.

हॉलवर नेहमीसारखी मीच आधी पोचले. दिवे लावून बघितले, माइक बघितला, पाण्याच्या बाटल्या मांडल्या. हाताला सवयच. खुर्ची मधोमध ठेवली. तिच्यासमोर टेबल होतं, टेबलावर कापड जमिनीपर्यंत, त्यामुळे कुणाला एकदम काही दिसणार नव्हतं. लोक येऊ लागले. ताडमाड लवकर आला, नवा कोट, हातात काहीच नाही आणि हातांचं काय करावं ते कळत नाही. माझ्याकडे सरळ आला आणि वाकला, त्याला माझ्याशी बोलताना वाकावंच लागतं. "मॅडम, अजून जाहीर झालेलं नाही, पण तुम्हाला सांगतो. मी जाऊन मागितलं. तुम्ही शिकवलं होतं तसं. मला वाटलं हाकलून देतील. सर म्हणाले, बरं झालं बोललास, दुसरं कुणी बोललंच नाही." त्याचे डोळे भरले होते. मी त्याचं अभिनंदन केलं. दुसरं कुणी बोललंच नाही. हे वाक्य घेऊन मी व्यासपीठाच्या पायरीवर बसले. त्यात चूक काय होती? काही नाही. सरांना कुणी विचारलं असतं, हिला का नाही, तर ते प्रामाणिकपणे म्हणाले असते, तिला हवंय? मला वाटलं तिला खुर्च्या मांडायला आवडतात.

सभा सुरू झाली. मी कडेच्या खुर्चीवर, टाचा हवेत. सर बोलले, थोडं हसवलं, थोडं लांबवलं. मग ताडमाडचं नाव जाहीर केलं आणि दरवर्षीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाचं नाव?" हा आमच्याकडे प्रश्न नसतो, पूर्णविराम असतो. विचारता विचारता सर चष्मा घडी करत असतात. त्यांनी घडी केली. इतका मोठा मूग मी आजवर गिळला नव्हता. टाळ्या झाल्या, सरांनी ताडमाडला हाताला धरून मधल्या खुर्चीपाशी आणलं, त्याच्या हातात माइक दिला आणि म्हणाले, "बसा, अध्यक्षमहाराज, तुमच्या मापाची करून घेतलीय." फोटो काढणाऱ्याने त्याच वेळी टेबल पुढून बाजूला ओढलं, कारण त्याला नव्या अध्यक्षाचा पूर्ण फोटो हवा होता.

ताडमाड बसला. बसतच गेला. आपण गादी समजून जमिनीवर बसावं तसा खाली गेला आणि त्याचे गुडघे वर आले, छातीपर्यंत. हॉलमध्ये आधी एक हसू उठलं, मग ते हळूहळू थांबलं. थांबलं अशासाठी, की हॉलभर माणसं नजरेने मापं घेणारी. मला इथून दिसत होतं, त्यांचे डोळे आधी पायांच्या ताज्या कापाकडे गेले, मग बैठकीकडे, मग मनातल्या मनात आकडा झाला, आणि मग एकेक नजर हॉलमध्ये फिरायला लागली, एवढ्या उंचीचं इथे कोण आहे म्हणून. सर गडबडले. माझ्याकडे वळून, माझ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठीच, अगदी मायेने म्हणाले, "मिस्त्रीने घोळ घातलेला दिसतोय, काय गं?" मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मिस्त्री इथे नव्हता. उद्या त्याच्याकडे जाऊन काहीतरी बोलून मिटवता आलं असतं. ताडमाड गुडघ्यांवरून माझ्याकडे बघत होता. चेष्टा नव्हती त्याच्या चेहऱ्यावर, खरंच विचारायचं होतं त्याला. माइक हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "मॅडम, ही कुणाच्या मापाची आहे?"

मी खाली उतरले, कारण त्या कडेच्या उंच खुर्चीवरून उठायचं तर मला आधी पुढे सरकून खाली उतरावं लागतं. पाय मुंग्यांनी बधिर झाले होते.

"माझ्या," मी म्हणाले. "मिस्त्रीने बरोबर कापलीय. मला अध्यक्ष व्हायचं आहे."

आवाज फारच बारीक आला. पहिल्या रांगेपलीकडे गेला नसावा. सरांनी घडी केलेला चष्मा उघडून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की ही कोण. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणाल्या? ताडमाड त्या बुटक्या खुर्चीतून कसाबसा उठला, दोनदा हात टेकून, आणि व्यासपीठाच्या कडेला माझ्यापर्यंत आला. तो वाकला नाही. त्याने माइक माझ्या तोंडाशी धरला, आणि दुसरा हात कानामागे नेला.

"ऐकू आलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.